जुना डेस्कटॉप: अपग्रेड करावा की बदलावा? (आय-३ चौथी पिढी, एच-८१ बोर्ड)

अनघा_क

घरचा असेंबल्ड डेस्कटॉप. तपशील असा:

प्रोसेसर: इंटेल कोअर आय-३ ४१३०
बोर्ड: एच-८१, रॅमचे दोन स्लॉट
रॅम: ४ जीबी डीडीआर-३, एकच स्टिक
डिस्क: ५०० जीबी हार्ड डिस्क, ७२०० आरपीएम
विंडोज १०, ६४-बिट
मॉनिटर: जुना, फक्त व्हीजीए
प्रिंटर: लेझरजेट १०२०

वापर: ब्राउझर, नेटबँकिंग, एक्सेल, युट्यूब, मराठी टायपिंग. श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) केलेल्या जुन्या फाइल्स भरपूर आहेत. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

तक्रार: सुरू होऊन हाताशी यायला सहा-सात मिनिटं. क्रोमचे चार टॅब उघडले की माउससुद्धा अडखळतो. दुकानदार म्हणतो, बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही बदला. बजेट आहे, पण उगीच खर्च नको. काय करावं?

---

सर्किटवाला

दुकानदाराचं ऐकण्याआधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते मोजा. फुकटात होतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर जा. मशीन रखडलेलं असतानाच तीन गोष्टी बघा:

१) डिस्क १०० टक्के, पण रीड-राइटचा वेग जेमतेम एक-दोन एमबी आणि रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद: दोष हार्ड डिस्कचा.
२) मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर: रॅम अपुरी. मग विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये सामान हलवत बसतं, म्हणून डिस्कही १०० टक्के दिसते. या दोन तक्रारी बहुधा जोडीनेच येतात.
३) सीपीयू सतत १०० टक्के: तेव्हा कुठे प्रोसेसर बदलण्याचा विषय.

शिवाय क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून हार्ड डिस्कचे ०५, सी५, सी६ आणि सी७ हे चार आकडे इथे द्या. रॉ व्हॅल्यू हेक्समध्ये दिसते, ती सेटिंगमधून दशमानात करून घ्या.

---

अनघा_क

क्रोम आणि एक्सेल उघडताना: डिस्क १०० टक्के, वेग दीड एमबीच्या आसपास, रिस्पॉन्स ८००-९०० मिलिसेकंद. मेमरी ८८ टक्के. सीपीयू २०-३० टक्के.

डिस्क: ०५ ला ८, सी५ ला २४, सी६ ला २, सी७ ला ०. वर पिवळ्या अक्षरांत "कॉशन" लिहून येतंय.

---

सर्किटवाला

मग आधी अपग्रेडचं सोडा आणि डेटा बाहेर काढा. आजच.

सी५ म्हणजे वाचता न येणारे, निर्णय लटकलेले सेक्टर. ०५ म्हणजे खराब ठरवून बदलून टाकलेले. सी५ शून्याच्या वर गेलं की डिस्क उद्या मरेल किंवा वर्षभर रेटेल, सांगता येत नाही. पण तिच्यावर विसंबायचं नाही. सी७ शून्य आहे, म्हणजे केबल ठीक. तो आकडा वाढत असता तर डिस्क बोर्डला जोडणारी पन्नास-शंभर रुपयांची साटा केबल बदलून काम भागलं असतं.

डेटा काढण्याआधी डीफ्रॅग करू नका आणि चेकडिस्कचा खराब सेक्टर शोधणारा पर्यायही चालवू नका. दोन्ही कामं अख्खी डिस्क खरवडतात, आणि आजारी डिस्क नेमकी त्यातच बसते. साध्या यूएसबी डिस्कवर कॉपी करा, आधी ज्या फाइल्स पुन्हा मिळणार नाहीत त्या: फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ब्राउझरचे बुकमार्क लोक हमखास विसरतात.

बाकी निदान सरळ आहे. सीपीयू २०-३० टक्क्यांवर निवांत बसलाय आणि दुकानदार तोच बदलायला सांगतोय.

---

लॅमिंग्टनकर

निदान मान्य, पण जरा थांबा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा तशी सोय) लागतं, हे चौथ्या पिढीचं मशीन त्यात कुठूनच बसत नाही. यात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) आणि रॅम घालणं म्हणजे पाडायच्या घराला रंग देणं. बँकेचे व्यवहार होतात त्या मशीनवर तर नकोच. सरळ बदला.

---

निवांत_०७

+१ बदला. वीजही वाचेल.

---

सर्किटवाला

विजेचा हिशोब करूनच टाकू. असं जुनं मशीन साध्या कामात मॉनिटर सोडून ४०-४५ वॅट खातं, नवा मिनी पीसी ८-१० वॅट. फरक ३५ वॅट धरा. रोज सहा तास म्हणजे महिन्याला १८० तास, ६.३ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी ६३ रुपये. बिलाच्या जोरावर नवं मशीन घ्यायचं कारण नाही.

लॅमिंग्टनकरांच्या मुद्द्याला दम आहे. पण "खर्च करू नका" असं सरसकट म्हणण्यापेक्षा, घेतलेली वस्तू पुढच्या मशीनमध्ये जाईल का हे प्रत्येक वेळी विचारा.

साटा एसएसडी जाते. साटा पोर्ट आजही जवळपास प्रत्येक डेस्कटॉप बोर्डवर असतात, आणि नसलाच तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरता येते. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड जातात. डीडीआर-३ रॅम जात नाही; डीडीआर-४ आणि ५ ची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. तुमचा ११५० सॉकेटचा प्रोसेसर कुठेच जात नाही.

म्हणून एसएसडी नवी आणि चांगली घ्या. रॅम जुनी, स्वस्तातली ४ जीबी मिळाली तरच घाला. आणि ओएलएक्सवर त्याच सॉकेटचा आय-७ ४७७० दिसला तर पान उलटा. त्याला अजून मागणी असल्याने तो वयाच्या मानाने महाग विकला जातो, आणि विंडोज ११ च्या यादीत तोही नाही.

---

अनघा_क

म्हणजे एसएसडी घेतली तर पैसे वाया जात नाहीत, हे पटलं. पण विंडोज १० चं काय?

---

पेंग्विन_पुणेकर

चार वाटा आहेत:

क) विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट. घरगुती ग्राहकांसाठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. आवृत्ती २२एच२ हवी, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. यात फक्त सुरक्षेचे पॅच येतात, नवं काही नाही.

ख) रूफस या मोफत सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्ह बनवून तपासण्या वगळून विंडोज ११ टाकणं. ४१३० वर तांत्रिकदृष्ट्या चालतं, कारण २४एच२ पासून सक्तीच्या झालेल्या एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट सूचना त्याच्यात आहेत. (कोअर २ ड्युओवर मात्र बूटच होणार नाही.) पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी हाताने चढवावी लागते. घरात ते करणारं कुणी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

ग) विंडोजऐवजी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम: लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट. मराठी इनस्क्रिप्ट आत असतंच, कीबोर्ड लेआउटमध्ये जोडायचं. ब्राउझर, नेटबँकिंग, लिब्रेऑफिस झकास.

घ) मशीन बदलणं.

तुमच्या बाबतीत ग ला अडवणाऱ्या दोन गोष्टी आहेत, श्रीलिपी आणि १०२०. प्रिंटरचं जमतं: या प्रिंटरला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर पाठवावं लागतं, त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन एकदा उतरवून घ्यायचं. श्रीलिपीचं मात्र विंडोजवरच बघावं लागेल.

---

डीटीपी_मावशी

श्रीलिपीबद्दल, कारण इथे लोक फसतात. त्या फाइल्स युनिकोडमध्ये नाहीत. अक्षरं फाँटमध्ये आहेत, फाइलमध्ये नाहीत. नव्या मशीनवर फाँट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि माणूस समजतो की फाइल करप्ट झाली.

जुनी डिस्क काढण्याआधी:

– विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून सगळे मराठी फाँट कॉपी करून घ्या. श्री, कृतिदेव, डीव्हीबी, डीव्हीओटी, जे असेल ते.
– सॉफ्टवेअर डोंगलवर (पोर्टला लावायची लायसन्सची किल्ली) चालतं का बघा. डोंगल जुन्या प्रिंटर पोर्टचा असेल तर नव्या मशीनला ते पोर्ट नसतं, आणि यूएसबी-ते-प्रिंटर केबलवर असे डोंगल बहुतेक वेळा ओळखले जात नाहीत. यूएसबी डोंगल असेल तर त्याच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधावी लागेल.
– महत्त्वाच्या फाइल्स जुनं मशीन धडधाकट असतानाच पीडीएफ करून ठेवा, आणि मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून वेगळा ठेवा. रूपांतरात रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं बिघडतात. "पूर्ण", "तऱ्हा", "क्ष" असलेली वाक्यं डोळ्यांनी तपासा.

डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर आणि पासवर्डही नोंदवून ठेवा. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा टाकला की टोकन लॉक होतं.

---

लॅमिंग्टनकर

हे उत्तम. बरं, मी अजून बदलण्याच्याच बाजूने आहे, पण एसएसडी पुढे नेता येते हे धरून चालतो. घेताना पथ्यं सांगतो.

२.५ इंची साटा, ५०० जीबीच्या आसपास. २५० मध्येही भागेल, पण अपडेट आणि फोटो मिळून ती भरते, आणि एसएसडीमध्ये १५-२० टक्के जागा मोकळी राहिली नाही की लिहिण्याचा वेग पडतो. टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी) चिप असलेली घ्या. बॉक्स सीलबंद, बिल जीएसटीचं, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का ते बघा. अविश्वसनीय स्वस्त "२ टीबी" म्हणजे आत छोटी चिप आणि खोटा आकडा. एच२टेस्टडब्ल्यू हे खरी क्षमता तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं की उघडं पडतं. हे विंडोज टाकण्याआधी, कोऱ्या डिस्कवर चालवा.

एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी) घेऊ नका. एच-८१ वर एम.२ स्लॉट नसतो, आणि अ‍ॅडॉप्टर कार्डावर बसवली तरी या बोर्डांचं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) सहसा तिच्यावरून बूट करत नाही.

---

सर्किटवाला

रॅमबद्दल दोन ओळी. एच-८१ ला कमाल १६ जीबी, ८ च्या दोन. तुम्हाला ४+४ पुरे. दोन्ही स्लॉट भरले की ड्युअल चॅनल चालू होतं आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सलाही मदत होते, कारण ते रॅममधूनच जागा घेतं. १६०० मेगाहर्ट्झची घ्या, त्याहून वेगवान घातली तरी ती १६०० वरच चालेल. १.५ व्होल्टची आणि १.३५ ची "एल" अशा दोन्ही सहसा चालतात.

"फक्त एएमडीसाठी" अशी बारीक अक्षरं असलेल्या स्वस्त डीडीआर-३ पट्ट्या बाजारात फिरतात. इंटेल बोर्डवर त्या लावल्या की डिस्प्लेच येत नाही, आणि लोक बोर्ड गेला समजतात.

बसवल्यावर डिस्प्ले आला नाही तर आधी सोनेरी संपर्कांवर साधा खोडरबर फिरवा, भुगा झटका, एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर या उपायाने निम्म्या तक्रारी मिटतात. मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर किमान एक पूर्ण फेरी चालवा. एकही एरर चालत नाही. "दोनच आल्या" म्हणजे पट्टी परत.

---

पेंग्विन_पुणेकर

एसएसडी बसवताना क्लोन करू नका, नव्याने विंडोज टाका. आजारी डिस्कवरून क्लोन अर्ध्यात अडकतं, आणि अडकलं नाही तरी वर्षांचा कचरा सोबत येतो. क्रम असा:

१. आहे त्या विंडोजमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन आणि आवृत्ती बघून लिहून ठेवा. होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो? तीच टाकायची. प्रोच्या जागी होम टाकलं तर अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही.
२. मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घ्या.
३. मशीन बंद, प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबा. जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा. ही पायरी गाळली तर विंडोज एसएसडीवर जातं आणि बूटलोडर जुन्या डिस्कवर बसतो. पुढे जुनी डिस्क काढली की मशीन उठत नाही.
४. एसएसडी ६ जीबीपीएसच्या पोर्टला लावा. एच-८१ वर असे दोनच असतात, बाकी दोन ३ जीबीपीएसचे. बोर्डवर छापलेलं असतं. चुकीच्या पोर्टवर साधारण ५५० एमबीच्या जागी २७०-२८० मिळतील. घरच्या वापरात फारसं जाणवणार नाही, पण पोर्ट मोकळा आहे तर का सोडा.
५. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करा. तुमचं जुनं विंडोज आयडीई मोडमध्ये टाकलेलं असू शकतं. असं असेल तर नंतर जुन्या डिस्कवरून बूट करताना निळी स्क्रीन येईल. घाबरू नका, डेटा शाबूत असतो.
६. बूट मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसेल. "यूईएफआय" लिहिलेली नोंद निवडा, म्हणजे डिस्कची मांडणी नव्या, जीपीटी पद्धतीची होते.
७. की विचारेल तिथे "माझ्याकडे की नाही" निवडा. बोर्ड तोच असल्याने इंटरनेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.
८. सगळं नीट चाललं की मशीन बंद करून जुनी डिस्क जोडा, राहिलेलं काही असेल ते उचला आणि ती काढून टाका. सी५ चोवीसवाली डिस्क "डी ड्राइव्ह म्हणून राहू दे" असं करू नका.

एसएमपीएसला (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) साटा पॉवरचं टोक शिल्लक नसेल तर मोलेक्स-ते-साटा केबल लागते. प्लॅस्टिक ओतून बंद केलेल्या टोकाची घेऊ नका, आत तारा एकमेकींना टेकून ती जळतात. वेगवेगळ्या तारा दिसणारी, दाबून बसवलेल्या पिनांची घ्या.

---

निवांत_०७

बोर्ड बदलला तर अ‍ॅक्टिव्हेशन जातं का?

---

पेंग्विन_पुणेकर

ओईएम (मशीनसोबत आलेलं) लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं, त्यामुळे जातं. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून नव्या बोर्डवर नेता येतं. विंडोज ७-८ ची जुनी की टाकून १० किंवा ११ अ‍ॅक्टिव्हेट करायची सोय सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. दुकानदाराच्या "बोर्ड, प्रोसेसर, रॅम" या हिशोबात लायसन्सची किंमत धरलेली नसते, आणि जुन्या एसएमपीएसचीही.

---

सर्किटवाला

एसएमपीएसवरून. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असतं त्याला अर्थ नाही. लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपियर बघा आणि १२ ने गुणा. १४ अँपियर असतील तर १६८ वॅट, तीच खरी कुवत. तुमचं मशीन पूर्ण जोरात ७०-८० वॅटच्या वर जात नाही, म्हणून आज चालतंय. नव्या बोर्डला हाच जोडायचा म्हणाल तर नाही म्हणेन. दहा वर्षांत आतले कपॅसिटर सुकतात, आणि मग मशीन कारण नसताना रीस्टार्ट होतं. बोर्डवरच्या कपॅसिटरांची डोकीही बघा. सपाट असायला हवीत, फुगलेली दिसली तर या मशीनवर एक रुपयाही घालू नका.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर निम्मा व्होल्टेज, ११०-१२०, येऊन बसतो. करंट किरकोळ असतो, पण चालू मशीनला मॉनिटरची केबल लावताना तोच पोर्ट मारतो. नवं मशीन आणण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की बँकेच्या साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतात, आणि त्याचा दोष इंटरनेटला दिला जातो.

---

अनघा_क

झिणझिण्या येतात, पावसाळ्यात जास्त. कपॅसिटर सपाट आहेत. घड्याळ बरोबर आहे.

आणि युट्यूब? एसएसडीने ते सुधारेल का?

---

सर्किटवाला

नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. युट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये पाठवतं. चौथ्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये हे दोन्ही उलगडायची सोय नाही, सगळा भार दोन कोअरवर पडतो. एच२६४ हा जुना फॉरमॅट मात्र त्याला जमतो. एच२६४आयफाय नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की युट्यूब तेच पाठवतं, कमाल १०८०पी. तुमच्या मॉनिटरला पुरेसं आहे. ४के हवं असेल तर मात्र मशीनच बदलायला हवं.

---

लॅमिंग्टनकर

आणि बदलायची वेळ येईल तेव्हा दोन पर्याय डोक्यात ठेवा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे नवा असेंबल्ड सेट आज अंगावर येतो.

पहिला, ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप. आय-५ ८५०० किंवा पुढचं. सहा कोअर, विंडोज ११ च्या यादीत. विक्रेते "आय-५" एवढंच सांगतात. ७५०० देखील आय-५ च आहे आणि तो यादीत नाही, म्हणून चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानातच चालू करून बघा: बायोसला पासवर्ड नाही ना, टीपीएम २.० दिसतं ना (रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी), विंडोज अ‍ॅक्टिव्हेटेड आहे ना, रॅम किती पट्ट्यांत आहे, एसएसडीचे तास आणि आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फोत किती. या डब्यांचा एसएमपीएस आणि बोर्डचा कनेक्टर बहुधा कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला बसत नाही.

दुसरा, एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी. चार कोअर, सहा वॅटची चिप, एव्ही१ सकट सगळे व्हिडिओ सहज. तुमच्या वापराला ठीक. फक्त रॅमला एकच चॅनल असतं, आणि काहींत ती बोर्डला डकवलेली असते, तेव्हा ८ वाला घेऊन नंतर वाढवू असं होत नाही. आणि त्याला व्हीजीए नसतं.

---

अनघा_क

ठरलं असं: आज डेटा, फाँट आणि पीडीएफ. अर्थिंग. मग ५०० जीबीची साटा एसएसडी, जुनी ४ जीबी स्वस्तात मिळाली तर तीही. विंडोज १० ला वाढीव अपडेटची नोंदणी करते, आणि ऑक्टोबर २०२६ च्या आधी आठव्या पिढीचा ऑफिस डेस्कटॉप बघते. एसएसडी त्यात जाईल. मॉनिटरसाठी साधी एचडीएमआय-व्हीजीए केबल चालेल ना?

---

लॅमिंग्टनकर

नुसती केबल नाही चालणार. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अ‍ॅनालॉग. मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. त्यातही दिशा बघा, "एचडीएमआय इन, व्हीजीए आउट" असलेलाच. उलटा पण दिसायला अगदी तसाच मिळतो. आणि त्या ऑफिस डेस्कटॉपांना मागे बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्ट असतो, काहींत व्हीजीएही. तेव्हा मशीन हातात आल्यावरच कन्व्हर्टर घ्या.